समजून घ्या : ऐकू येते, पण आपण ऐकतो का? मानववंशशास्त्रातील ‘खोलवर ऐकणे’ आणि आपले घर

व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकणे, मीटिंगचा गोषवारा एआयकडून काढून घेणे, मुलाखतीचे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला देऊन दोन मिनिटांत मजकूर मिळवणे… ऐकण्याचे काम आपण झपाट्याने यंत्रांकडे सोपवत आहोत. त्याच वेळी ‘डीप लिसनिंग’ आणि ‘एम्पथी’ हे शब्द व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांपासून कंपन्यांच्या प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे ऐकू येतात. हे शब्द आले कुठून, माणसांना ऐकणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे ते मानववंशशास्त्रज्ञ याबद्दल काय सांगतात आणि आपल्या घरात त्याचा उपयोग काय, याचा हा आढावा.

हा विषय आताच का?

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. माझे बाबा तालुक्याच्या गावी राहतात, मी शहरात. फोन करायचा तर माझी शिफ्ट आडवी येते, म्हणून ते व्हॉइस मेसेज पाठवतात. तीन-तीन, चार-चार मिनिटांचे. त्यात पाऊस असतो, तुरीचा भाव असतो, लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे असते, शेजारच्या काकांच्या मुलीचे लग्न असते. मी ते लोकलमध्ये दुप्पट वेगाने ऐकायचे, अंगठा पाठवायचे आणि मोकळी व्हायचे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबा उंबऱ्याला ठेचकाळले. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांना दिसलाच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. या आजारात आधी बाजूची नजर कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवता येते, एवढेच. घरी परतताना मी वैतागून म्हणाले, ‘‘बाबा, मला आधी सांगायचं ना!’’ ते म्हणाले, ‘‘सांगितलं होतं की गं.’’

परत आल्यावर जुने मेसेज मूळ वेगाने ऐकले. खरेच सांगितले होते, आणि एकदा नव्हे, चार वेळा. ‘हल्ली संध्याकाळी गाडी काढत नाही.’ ‘बाजारात परवा कोणीतरी बाजूने येऊन धडकलं.’ ‘पायरीचा अंदाज चुकतो, वय झालं बहुतेक.’ ‘रात्री अंगणात जायचं टाळतो.’ प्रत्येक वाक्यानंतर ते काही सेकंद थांबले होते आणि मग ‘बाकी ठीक’ म्हणाले होते. दुप्पट वेगात ते थांबणे लोकलच्या खडखडाटात विरून गेले होते. संध्याकाळी गाडी न काढणे मी पेट्रोलची काटकसर समजले होते.

मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवीधर. सिग्नल म्हणजे काय आणि नॉइज म्हणजे काय, हे चार वर्षे शिकले. माहिती वाहून नेतो तो सिग्नल. बाकी सगळा नॉइज, तो गाळायचा. पण कोणता भाग नॉइज आहे हे कोणीतरी आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवतो फिल्टर तयार करणारा. बाबांच्या मेसेजमधील सिग्नल मी नॉइज समजून गाळला होता. माझ्या कानांत दोष नव्हता, मी लावलेल्या फिल्टरमध्ये होता. तिथून हे वाचन सुरू झाले.

‘डीप लिसनिंग’ हा शब्द कुठला?

या शब्दाला अनेक उगम आहेत. अमेरिकी संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस यांनी १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट वॉर्डन येथे जमिनीखालच्या एका रिकाम्या, प्रचंड पाण्याच्या टाकीत उतरून संगीत ध्वनिमुद्रित केले. त्या टाकीत आवाज सुमारे ४५ सेकंद घुमत राहायचा. वाजवलेला सूर परत येतो, तो ऐकल्याशिवाय पुढचा वाजवण्यात अर्थ नव्हता. या ध्वनिमुद्रणाला त्यांनी ‘डीप लिसनिंग’ नाव दिले. ‘डीप’मध्ये जमिनीखालची खोली होती, तसा विनोदही होता. पुढे त्यांनी याच नावाने ऐकण्याची एक साधनाच विकसित केली. कानावर पडणे आपोआप होते, ऐकणे मात्र ठरवून करावे लागते, हा तिचा गाभा. मराठीत ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ ही दोन क्रियापदे मुळातच वेगळी आहेत, हे आपण विसरतो.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील डेली नदीकाठच्या आदिवासी शिक्षिका आणि चित्रकार मिरियम-रोझ उंगुनमेर-बौमन यांनी आपल्या भाषेतील ‘दादिरी’ ही कल्पना बाहेरच्या जगापुढे मांडली. आतून, शांतपणे ऐकणे आणि वाट पाहणे असा तिचा ढोबळ अर्थ. त्यांच्या समाजात मूल प्रश्न विचारून शिकण्याआधी पाहून, ऐकून आणि थांबून शिकते. म्हणजे कार्यशाळांत आज नवे तंत्र म्हणून शिकवले जाते ते कुणाच्या तरी घरातील जुने वळण आहे.

तिसरा धागा मानसशास्त्राचा. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ नावाची छोटी पुस्तिका लिहिली. समोरच्याचे म्हणणे त्याच्या नजरेतून समजून घ्या, लगेच सल्ला देऊ नका, निवाडा करू नका, असे तिचे सांगणे. आजच्या बहुतेक प्रशिक्षणांचे मूळ इथे आहे. ‘एम्पथी’ हा शब्दही फार जुना नाही. जर्मन सौंदर्यशास्त्रात रॉबर्ट व्हिशर यांनी १८७३ मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द वापरला. एखाद्या चित्रात किंवा वस्तूत आपली भावना ओतणे, असा त्याचा रोख होता. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी त्यासाठी इंग्रजीत ‘एम्पथी’ हा शब्द घडवला. म्हणजे आपल्याला वाटते ते समोरच्यात ओतण्याचा धोका या शब्दाच्या जन्मातच आहे.

मानववंशशास्त्राचा याच्याशी संबंध काय?

पूर्वीचे अनेक अभ्यासक दूरच्या समाजांविषयी प्रवासी, मिशनरी आणि अधिकाऱ्यांच्या टिपणांवरून लिहीत. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या पोलिश अभ्यासकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ या वर्षांत, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घ मुक्काम केला. गावातच तंबू ठोकला, स्थानिक भाषा शिकली आणि दुभाषाशिवाय ऐकायला सुरुवात केली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ‘आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ हा ग्रंथ क्षेत्रकार्याच्या पद्धतीचा पाया मानला जातो.

त्याचा मुद्दा आजही उपयोगी आहे. नियम आणि चालीरीती विचारून कळतात. पण स्वयंपाक कसा चालतो, गप्पांचा सूर काय असतो, कोण कोणावर कशासाठी रुसते, या गोष्टी प्रश्नावलीत सापडत नाहीत. त्यासाठी तिथे राहावे लागते. बाबांना मी ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारत होतेच. ती झाली माझी प्रश्नावली. तिचे उत्तर नेहमी ‘ठीक’ असेच येणार होते. खरे उत्तर गाडीच्या, बाजाराच्या आणि अंगणाच्या गोष्टींत होते.

मग समानुभूती म्हणजे त्यांच्यासारखे होणे का?

इथे या शास्त्राच्या इतिहासातील एक अवघड प्रसंग येतो. मॅलिनोव्स्कीच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, त्याची खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली. ती वाचून अनेकांना धक्का बसला. ज्या लोकांविषयी त्याने इतक्या बारकाईने लिहिले, त्यांच्याबद्दल रोजनिशीत चिडचिड होती, कंटाळा होता, कुठे कुठे उघड तुच्छताही होती. मग त्याचे ऐकणे खोटे होते का?

क्लिफर्ड गिर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एका निबंधात हाच प्रश्न घेतला. त्याच्या मांडणीचा सारांश असा : दुसऱ्याच्या अंतरंगात शिरण्याची जादुई शक्ती अभ्यासकाकडे नसते आणि तिची गरजही नसते. लोक स्वतःला, आपल्या नात्यांना, सुखदुःखाला कोणत्या शब्दांत पकडतात ते शब्द नीट समजून घेणे, हे करता येण्यासारखे काम आहे.

मला हा मुद्दा दिलासा देणारा वाटतो. समानुभूती ही काहींना जन्मजात मिळालेली हळवी देणगी असती, तर बाकीच्यांनी काय करायचे? गिर्ट्झच्या म्हणण्याप्रमाणे चालायचे तर ती मेहनतीने जमणारी गोष्ट आहे. बाबांसाठी मी दिवसभर गहिवरून राहण्याची गरज नव्हती. ‘वय झालं बहुतेक’ या शब्दांखाली ते काय काय ठेवतात, एवढे विचारायला हवे होते. मात्र मॅलिनोव्स्कीच्या तुच्छतेला यामुळे माफी मिळत नाही. पद्धत चांगली असली म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही, हेच ती रोजनिशी दाखवते.

चौदा वर्षे न समजलेले उत्तर कोणते?

रेनाटो रोसाल्डो आणि त्यांची पत्नी मिशेल यांनी १९६७ पासून फिलिपिन्समधील उत्तर लुझॉनच्या डोंगरांत इलोंगोट समाजासोबत राहून काम केले. या समाजात पूर्वी शत्रूचे शिर कापण्याची प्रथा होती. ती का, असे विचारल्यावर वयस्कर पुरुष एका ओळीत उत्तर देत : जवळचे माणूस गेल्यावर दुःखातून संताप येतो आणि तो संताप कुठेतरी टाकून द्यावा लागतो. रोसाल्डो यांना हे उत्तर फारच साधे वाटले. त्यामागे काहीतरी खोल सूत्र असेल, असे समजून त्यांनी ‘एका मृत्यूच्या बदल्यात दुसरा’ अशा देवघेवीचा सिद्धांत एका इलोंगोट सहकाऱ्यापुढे मांडून पाहिला. त्याला तो पटला नाही.

१९७४ मध्ये ते पुन्हा तिथे गेले. काही वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेली शिरच्छेदाच्या उत्सवाची टेप इलोंगोटांनी ऐकायला मागितली. ती सुरू होताच वातावरण ताणले गेले आणि त्यांनीच ती बंद करायला लावली. तोवर मार्शल लॉमुळे ती प्रथा बंद पडली होती; संताप टाकायला जागा उरली नव्हती. जुनी गाणी त्यांना सहन होईनात.

११ ऑक्टोबर १९८१ रोजी फिलिपिन्समध्येच, इफुगाओ भागात क्षेत्रकार्य करताना, मिशेल रोसाल्डो डोंगरवाटेवरून सुमारे ६५ फूट खाली कोसळून मरण पावल्या. पत्नीचा मृतदेह पाहताना रेनाटोंना दुःखाबरोबर प्रचंड संताप जाणवला. तेव्हा कुठे इलोंगोट वृद्धांचे ते एका ओळीचे उत्तर त्यांना कळले. ते कोडे नव्हते. म्हातारे शब्दशः खरे बोलत होते. ऐकणाऱ्याकडे तो अनुभव नव्हता, म्हणून त्याने उत्तर वरवरचे ठरवले होते. आपल्या ‘कल्चर अँड ट्रुथ’ (१९८९) या पुस्तकात रोसाल्डो यांनी हे सगळे लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली. माझा संताप आणि त्यांचा संताप एकच, असा दावा त्यांनी केला नाही. दोन वर्तुळे एकमेकांवर थोडीशी यावीत, तेवढेच हे जुळणे. शाळेतली वेन आकृती आठवा. समानुभूती फार तर मधल्या सामाईक भागापुरती असते. ‘मला तुझं अगदी कळतंय’ असे आपण म्हणतो तेव्हा वर्तुळाचा उरलेला भाग पुसून टाकत असतो.

महाराष्ट्रात असे काम कोणी केले?

पहिले नाव अर्थातच इरावती कर्वे यांचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे काम उभे करणाऱ्या इरावतीबाई पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर स्वतः चालल्या. त्यांच्या त्या लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये अमेरिकेतील एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. चालताना अभंग एकत्र, पण जेवणे जातीनुसार वेगळी, हे त्यांनी पाहिले आणि त्याची स्वतःला होणारी बोच लपवली नाही. वारीवर प्रेमही केले आणि तिच्यातली भेगही सांगितली. ऐकणे म्हणजे जे ऐकले त्याला मान डोलावणे नव्हे, हे त्यातून शिकण्यासारखे.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. पुण्यातील अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज हा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतो. पहाटे दळताना बायका जे गात होत्या ते घरातल्या सगळ्यांना रोज ऐकू येत होते. सासर, माहेर, भाऊ, मार, उपास, आंबेडकर, विठोबा असे सगळे त्यात होते. पिढ्यान् पिढ्या ते घरातल्यांसाठी जात्याच्या घरघरीचाच भाग राहिले. माझ्या भाषेत सांगायचे तर नॉइज.

तिसरे उदाहरण जीव वाचवणारे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत काम सुरू केले. तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे धरून चालणाऱ्या व्यवस्थेने बाकीचे कधी विचारलेच नव्हते. बायका गप्प होत्या म्हणून त्रास नव्हता, असे मुळीच नव्हते. स्त्रियांचे हे अनुभव आणि समजुती सांगणाऱ्या राणी बंग यांच्या मराठी पुस्तकाचे नाव आहे ‘कानोसा’. ‘डीप लिसनिंग’ला मराठी शब्द शोधायचा तर यापेक्षा चांगला मला सापडलेला नाही. कानोसा घेणारा माणूस आधी स्वतः गप्प होतो, श्वाससुद्धा हळू करतो आणि जे जेमतेम ऐकू येते त्यासाठी थांबतो.

मर्यादा आणि आक्षेप काय आहेत?

मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१६ मध्ये ‘अगेन्स्ट एम्पथी’ हे पुस्तकच लिहिले. त्यांचा आक्षेप असा की, समानुभूतीचा झोत टॉर्चसारखा असतो. ज्याच्यावर पडतो तो दिसतो, बाकी अंधारात राहतात. आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्या भाषेत रडणाऱ्या माणसाबद्दल ती चटकन जागी होते. आकड्यांतल्या हजारोंबद्दल होत नाही. धोरणे ठरवताना नुसत्या कळवळ्यावर विसंबू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे आणि तो आम्हा पत्रकारांनाही लागू होतो. ऐकणारा गोष्ट घेऊन जातो. सांगणाऱ्याला काय मिळते? मॅलिनोव्स्कीच्या काळी ऐकणारा वसाहतीच्या सत्तेच्या सावलीत बसलेला होता. आज आम्ही गारपिटीनंतर शेतकऱ्याला फोन करतो, तीस सेकंदांचा बाइट घेतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. त्याने चार मिनिटे सांगितलेले असते. जगाला आपले दुःख न सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि सांगितल्यावर त्याचे काय झाले हे विचारण्याचाही.

तिसरी गोष्ट कार्यशाळांची. मान हलवा, नजर भिडवा, समोरच्याचे वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणा, अशी तंत्रे दिवसभरात शिकवता येतात. पण कर्मचाऱ्याचे नीट ऐकून घेऊन त्याची सुट्टी नाकारायचीच असेल, तर ते ऐकणे नव्हे, ऐकल्याचा अभिनय आहे. ऐकल्यानंतर ऐकणाऱ्याचे मत बदलण्याची शक्यता नसेल, तर तो वेळ वाया गेला, सांगणाऱ्याचाही. आणि शेवटचे : प्रत्येकाला, प्रत्येक वेळी ऐकत बसणे कोणाचेच कर्तव्य नाही. घरात वर्षानुवर्षे सगळ्यांचे ऐकून घेण्याचे काम बहुधा एकाच बाईकडे असते. तिचे कोण ऐकते, हा प्रश्न समानुभूतीच्या व्याख्यानांत क्वचित येतो.

मग रोजच्या जगण्यात काय करता येईल?

वरच्या उदाहरणांतून चार साध्या गोष्टी निघतात. एक, समोरचा थांबला की लगेच ती जागा भरू नये. पुष्कळदा खरे वाक्य त्या थांबण्यानंतर येते. दोन, त्याचा शब्द बदलू नये. बाबा ‘अंदाज चुकतो’ म्हणाले तर ‘म्हणजे टेन्शन आहे’ असे भाषांतर करण्याऐवजी ‘कसला अंदाज, कधी चुकतो?’ असे विचारावे. तीन, आपल्याला जे कळले ते त्याला सांगून पाहावे आणि ‘नाही, तसं नाही’ हे उत्तर स्वीकारावे. रोसाल्डोंचा सिद्धांत इलोंगोट सहकाऱ्याने नाकारला, हीच त्यांच्या कामाची जमेची बाजू होती. त्यांनी निदान विचारले तरी. चार, परत जावे. एका बैठकीत कोणी सगळे सांगत नाही.

हे सगळ्यांशी, दिवसभर करता येणार नाही. ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज मी आजही दुप्पट वेगाने ऐकते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. वेग हा शत्रू नाही. कोणाचे काय घाईत ऐकायचे, हे मी न ठरवताच ठरून गेले होते, अडचण तिथे होती.

बाबांचे थेंब सुरू आहेत, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर टिकायला हवी. गेलेली परत येणार नाही, आणि ते जुने मेसेज मी वेळेवर ऐकले असते तर किती वाचली असती, हा हिशेब मी करायचा थांबवला आहे. परवाचा त्यांचा मेसेज चार मिनिटे बारा सेकंदांचा होता. त्यात तूर होती, लाइट होती आणि शेवटी एक लांबलचक थांबणे. मी त्यांना फोन लावून विचारले, ‘‘बाबा, शेवटी काही सांगायचं राहिलं का?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘नाही गं, थेंब शोधत होतो.’’ मग आम्ही आणखी वीस मिनिटे बोललो.